पाणी उंबऱ्याला कधी लागेल? : आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण आणि आपली भाषा

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एक सूचना लिहिली. मी मराठीचा शिक्षक. दूधगंगेच्या काठचे आमचे गाव बेळगाव जिल्ह्यात आहे. धरण वर काळम्मावाडीला, महाराष्ट्रात. गाव खाली, कर्नाटकात. पंचायतीकडे आलेला संदेश कन्नडमध्ये होता. गावातील मराठी घरांतली बहुतेक माणसे कन्नड सहज बोलतात, पण वाचणारी थोडी. म्हणून पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी तो संदेश माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "सर, जरा मराठीत करून द्या."

मी लिहिले : "धरणाच्या पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी सुरू असल्याने नदीपात्रातील विसर्गात लक्षणीय वाढ होण्याची शक्यता आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यकतेनुसार सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सूचना मारुतीच्या देवळात लागली, मोबाइलवर फिरली, दवंडीवाल्यानेही वाचली. संध्याकाळी खालच्या गल्लीतल्या एका आजींनी मला थांबवले. "गुरुजी, त्यो इसर्ग म्हंजे काय वो?" मी सांगितले, धरणातून सोडलेले पाणी. त्यावर त्या म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या. माझ्या उंबऱ्याला पाणी कवा लागंल त्येवढं सांगा." मला सांगता आले नाही.

त्या रात्री दोनच्या सुमारास खालच्या गल्लीत पाणी शिरले. आजींना त्यांच्या मुलाने आधीच वर आणले होते. त्यांच्या शेजारचे कुटुंब मात्र घरातच होते. ते चौघे माळ्यावर चढून बसले आणि सकाळी बोटीने सुखरूप बाहेर आले. गोठ्यातल्या दोन म्हशी दाव्याला बांधलेल्या अवस्थेतच गेल्या. शाळेतल्या निवारा केंद्रात त्या घरचा कर्ता मला भेटला. तो रागावलेला नव्हता, म्हणून त्याचे बोलणे अधिक लागले. "तुमी लिवलेलं वाचलं हुतं, गुरुजी. पर 'जावा' म्हणून कुठं लिवलंय त्यात?"

मी सूचना परत वाचली. खरोखरच कुठे लिहिले नव्हते. 'आवश्यकतेनुसार' या एका शब्दाने मी सगळा निर्णय त्याच्यावर टाकला होता, आणि निर्णयाला लागणारी माहिती मात्र दिली नव्हती.

पुढच्या पावसाळ्याआधी तालुक्यातील कर्मचाऱ्यांचे आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण झाले. शाळा हे निवारा केंद्र असल्यामुळे मलाही बोलावणे आले. नंतर त्याच प्रशिक्षणाची टिपणे मराठीत करण्याचे कामही माझ्याकडे आले. या दोन्ही कामांतून जे कळले ते इथे मांडतो. ते भाषेच्या वार्षिकात का मांडायचे, हे पुढे स्पष्ट होईल.

आपत्ती व्यवस्थापक म्हणजे कोण?

'आपत्ती व्यवस्थापक' म्हटले की नारिंगी गणवेशातला, दोरावरून उतरणारा जवान डोळ्यांसमोर येतो. तो राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा, म्हणजे एनडीआरएफचा जवान. या दलाच्या तुकड्या पुण्याजवळ आणि वडोदऱ्याजवळ जरोदला आहेत. पण ते दल मदतीला येते तेव्हा संकटाचे पहिले काही तास उलटून गेलेले असतात. त्या तासांत जो निर्णय घेतो तो खरा व्यवस्थापक, आणि त्याची रोजची नोकरी बहुधा वेगळीच असते.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा हेच गृहीत धरतो. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त अध्यक्षांकडे असते. खाली तहसीलदार, तलाठी, पंचायतीचा अधिकारी, आरोग्यसेविका, आशाताई, वायरमन, मुख्याध्यापक अशी उतरंड लागते. यांपैकी कोणीही आपत्तीसाठी म्हणून नोकरीला लागलेला नसतो.

कायद्याने आपत्तीची जी व्याख्या केली आहे, तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. केवळ मोठा पाऊस किंवा मोठा धक्का म्हणजे आपत्ती नव्हे. ज्या घटनेला तोंड देणे त्या भागातील लोकांच्या आवाक्याबाहेरचे ठरते, ती आपत्ती. म्हणजे लोकांचा आवाका वाढवला तर तेवढ्याच पावसात आपत्ती लहान होते. प्रशिक्षणाचा सगळा हेतू या एका वाक्यात आहे.

असे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्या नाहीत. नागपूरला १९५७ पासून नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय उभे राहिले. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री वायुगळती झाली. ओल्या फडक्याने नाकतोंड झाकावे, ही साधी गोष्टसुद्धा कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना कोणी आधी सांगितलेली नव्हती. १९८७ मध्ये त्याच शहरात मध्य प्रदेश शासनाची आपत्ती व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दिल्लीत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे, गांधीनगरला गुजरातची संस्था आहे, पुण्यात 'यशदा'मध्ये अधिकाऱ्यांचे वर्ग चालतात, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत या विषयाची पदव्युत्तर पदवी घेता येते. गावपातळीवर 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण मिळते. प्रथमोपचार, दोराच्या गाठी, पाण्यातून माणूस काढणे, गर्दी आवरणे हे त्यात येते.

म्हणजे प्रशिक्षणाची सोय आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. या वर्गांत जे शिकवले जाते ते बहुतेक इंग्रजीत तयार होते, हिंदीतून राज्यांत येते, आणि शेवटच्या पायरीवर माझ्यासारख्या कोणाच्या तरी हाताने मराठीत उतरते. त्या शेवटच्या पायरीवर काय सांडते?

एक शब्द, दोन अर्थ

टिपणे मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. या शास्त्राचा पाया असलेल्या दोन निरनिराळ्या कल्पनांना आपण मराठीत सर्रास एकच शब्द वापरतो : धोका. 'नदीचा धोका' असेही म्हणतो आणि 'जिवाला धोका' असेही.

फरक असा. नदीला पूर येणे हे संकट. ते नदीच्या बाजूचे, आपल्या हातात नसलेले. घर नदीच्या किती जवळ, भिंत मातीची की विटांची, घरात अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, यावरून ते संकट आपल्याला किती लागेल हे ठरते. ही आपली बाजू; तिला आम्ही टिपणांत 'कच्चेपणा' म्हटले. या दोन्हींच्या गुणाकारातून जो संभव तयार होतो, तो धोका. पाऊस तोच, नदी तीच. पण वरच्या गल्लीतल्या पक्क्या घराचा धोका आणि खालच्या गल्लीतल्या मातीच्या घराचा धोका एक नसतो. 'असुरक्षितता' किंवा 'संवेदनशीलता' हे शब्द पुस्तकांत आहेत, पण 'संवेदनशील गाव' म्हटल्यावर आमच्या वर्गातल्या तलाठ्यांना पोलीस बंदोबस्त आठवला. 'कच्चेपणा' म्हटल्यावर कोणी अर्थ विचारला नाही.

किल्लारीच्या भूकंपाने हा फरक महाराष्ट्राला फार मोठ्या किमतीवर शिकवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने धक्का मध्यम होता. माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे अंगावर येऊन. संकट जमिनीखाली होते, कच्चेपणा भिंतीत होता.

दुसरा अडसर 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दांचा. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून माणूस म्हणतो, 'मोठा पूर २०१९ ला येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही.' अर्थ तसा नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १०० त १ आहे, एवढाच त्याचा अर्थ. फासे दरवर्षी नव्याने पडतात. गणिताच्या सरांकडून करून घेतले, तर ३० वर्षे त्या रेषेवर राहणाऱ्या घराला तसा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. चार घरांत एक घर. 'शंभर वर्षांचा पूर' असे भाषांतर चूक नाही, पण ते माणसाला झोपवते. वर्गात आम्ही आता 'दरसाल शंभरात एक' असे म्हणतो.

तिसरा शब्द अतिवृष्टी. महाराष्ट्रात महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान खात्याच्या प्रतवारीत ६४.५ मिलिमीटरला 'जोरदार' पावसाची पहिली पायरी सुरू होते, दुसरी ११५.६ ला आणि तिसरी २०४.५ ला. बातमीत कधी या तिसऱ्या पायरीलाही अतिवृष्टीच म्हणतात. एकाच शब्दात ६५ आणि २०५ दोन्ही बसू लागले, की ऐकणाऱ्याने काय समजायचे? रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. प्रत्येक रंगात एक क्रियापद दडलेले आहे. आपण रंग तेवढा सांगतो आणि क्रियापद गाळतो.

आणि विसर्ग. विद्यार्थ्यांना विसर्ग माहीत असतो तो 'दुःख' या शब्दातल्या दोन टिंबांचा. 'अमुक हजार क्युसेक विसर्ग' म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे साधारण २८ लिटर. हा आकडा धरणावरच्या अभियंत्याच्या कामाचा आहे. काठावरच्या माणसाला त्याची उंबऱ्याच्या भाषेत फोड करून हवी. कोल्हापुरात हे आपोआप घडले आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'पाणी किती फुटांवर?' एवढे विचारून माणसे आपल्या गल्लीचे गणित करतात. आकडा ओळखीच्या जागेला बांधला गेला की तो भाषा होतो.

तालीम

प्रशिक्षणाचा पहिला दिवस व्याख्यानांचा होता आणि तो फारसा आठवत नाही. दुसरा दिवस विसरता येत नाही.

आम्हा वीस जणांना एका मोठ्या नकाशाभोवती बसवले. प्रत्येकाला एक भूमिका दिली : कोणी तहसीलदार, कोणी बोटीचा प्रमुख, कोणी वैद्यकीय अधिकारी. मी माझ्याच भूमिकेत, निवारा केंद्राचा प्रमुख. प्रशिक्षकांनी घड्याळ लावले आणि दर दहा मिनिटांनी चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. 'रात्रीचे अकरा. पूल पाण्याखाली.' 'केंद्रात नवव्या महिन्याची बाई, कळा सुरू.' 'जनरेटरचे डिझेल दोन तासांचे.' 'दुसऱ्या गावाचे ८० लोक न कळवता दारात.' उत्तर तोंडी चालत नव्हते. आदेश कागदावर लिहून दुसऱ्याच्या हातात द्यायचा होता.

मी लिहिले : 'शाळेजवळ तातडीने बोट पाठवावी.' बोटप्रमुखाने चिठ्ठी परत केली. गावात शाळा दोन. नदीच्या कोणत्या अंगाला? माणसे किती? झोपवून न्यायचे कोणी आहे का? माझ्या चिठ्ठीत 'तातडीने' होते आणि बाकी काहीच नव्हते. बोटीचा प्रश्न साधा नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि पुरातून सुटू पाहणारी माणसे बुडाली. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली होती. किती माणसे आहेत हे आधी कळले, तर किती फेऱ्या लागतील हे आधी ठरते आणि 'पुढची फेरी तुमची' असे काठावरच्यांना ठामपणे सांगता येते.

या अभ्यासाला मराठीत काय म्हणावे? सर्वजण 'टेबल टॉप' म्हणत होते. मी टिपणांत 'बैठी तालीम' लिहिले. नाटकवाल्या माणसांना हे लगेच कळते. आधी वाचन, मग तालीम, मग रंगीत तालीम आणि शेवटी प्रयोग. इथेही तसेच. योजना वाचणे, नकाशाभोवती बैठी तालीम, मग प्रत्यक्ष नदीवर बोटी, दोर, भोंगे यांसह रंगीत तालीम. फरक एवढाच की प्रयोगाची तारीख आपल्याला ठाऊक नसते.

तालमीनंतरची उजळणीही शिस्तीची असते. चारच प्रश्न : काय ठरले होते? काय घडले? फरक का पडला? पुढच्या वेळी काय बदलायचे? 'चूक कोणाची' हा प्रश्न मुद्दाम घेत नाहीत, कारण तो आला की माणसे खरे बोलायची थांबतात. वर्गात उत्तरपत्रिका परत देताना मीही हे चार प्रश्न वापरून पाहिले. मुलांनी माझ्यापेक्षा नेमक्या चुका काढल्या.

निवारा केंद्राच्या सत्रात माझी झाडाझडती झाली. 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार केंद्रात माणशी निदान ३.५ चौरस मीटर जागा, रोज १५ लिटर पाणी, आणि सुरुवातीला ५० जणांमागे, पुढे २० जणांमागे एक शौचालय लागते. आमची वर्गखोली २० फूट बाय २४ फूट, म्हणजे सुमारे ४५ चौरस मीटर. भागाकार केला तर जेमतेम १२-१३ माणसे. मी २०१९ मध्ये एकेका खोलीत ४० जण ठेवले होते आणि जागा पुरली म्हणून समाधानी होतो. तिसऱ्या दिवशी बायका पाणी पिणे टाळत होत्या. त्याचे कारण शौचालयांची संख्या होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नव्हते.

साध्या भाषेचा नियम कुठून आला?

आपल्या देशात आपत्तीच्या वेळी कोणी कोणाला आदेश द्यायचे याची एक रचना आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तिची मार्गदर्शक सूत्रे २०१० मध्ये काढली. कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन मुख्य विभाग. प्रत्येकाचा वरिष्ठ एकच. आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच्या आसपास माणसे, कारण त्याहून फार जास्त जणांकडे धावपळीत लक्ष देता येत नाही.

या रचनेचे मूळ अमेरिकेत आहे. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात वणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा माणसे आणि सातशेवर इमारती गेल्या. नंतरच्या उजळणीत दिसले की बंब होते, माणसेही होती. पण निरनिराळी दले एकाच वस्तूला निरनिराळी नावे देत होती, बिनतारी यंत्रावर आपापले सांकेतिक शब्द वापरत होती, आणि कोणाचा आदेश कोणी मानायचा हे ठरलेले नव्हते. त्यातून जी पद्धत पुढे तयार झाली तिचा एक आधारस्तंभ असा : सर्वांची परिभाषा एक असावी आणि बोलणे साध्या भाषेत असावे, संकेतांत नको.

हे वाचले तेव्हा मला धीर आला. साधी भाषा ही कमी शिकलेल्यांसाठी केलेली तडजोड आहे, असा आपला समज असतो. इथे तज्ज्ञांनी ती तज्ज्ञांसाठीच नियम म्हणून घातली आहे. थकलेल्या, भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाला जड शब्द उलगडत बसायला वेळ नसतो, मग तो जिल्हाधिकारी असो की नावाडी.

मराठीत याचे एक स्वतःचे उदाहरण आहे, आणि ते पुन्हा किल्लारीचे. भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचे काम शेकडो गावांत चालले होते. शासनाचे नियम, अभियंत्यांचे नकाशे आणि गावकऱ्यांचे प्रश्न यांच्यामध्ये कोणीतरी हवे होते. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्याने गावांतल्या बायकांना त्यासाठी तयार करण्यात आले. त्यांच्या पदाला नाव दिले 'संवाद सहायक'. भिंत कशी सांधायची, पैसे कोणत्या टप्प्याला मिळतात, गवंडी काम नीट करतो की नाही हे कसे ओळखायचे, हे त्या घरोघर समजावून सांगत. पुढे २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर भागातील काही बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. त्यांच्या हातात अभियांत्रिकीची पदवी नव्हती. प्रशिक्षण मिळालेली आणि आपल्या बोलीत बोलणारी माणसे म्हणून त्या गेल्या.

सूचना कशी लिहावी

प्रशिक्षणात शेवटी सूचना लिहिण्याचा एक तास होता. इशाऱ्याने पाच प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : कोण सांगतो आहे? काय होणार आहे? कुठे? कधीपर्यंत? ऐकणाऱ्याने नेमके काय करायचे? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेक सूचनांत 'सतर्क राहावे' या दोन शब्दांत आटोपलेला असतो. सतर्क राहणे ही कृती नाही. उठणे, दावी सोडणे, निघणे, वर जाणे या कृती आहेत.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागले. या वेळी मी आधी पंचायतीत जाऊन धरणाकडून आलेला निरोप आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा समोरासमोर ठेवल्या, तलाठ्यांशी बोललो आणि मगच लिहिले :

"पंचायतीची सूचना. आज रात्री बारापर्यंत पाणी मारुतीच्या देवळाच्या खालच्या पायरीला लागेल. पिंपळापासून खालच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी संध्याकाळी सहाच्या आत घर सोडून हायस्कुलात यावे. जनावरे आधी वरच्या माळावर न्या. नेता आली नाहीत तर दावी सोडून द्या. औषधे, रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर घ्या. म्हाताऱ्या माणसांना आणायला ट्रॅक्टर पाच वाजता पिंपळाखाली उभा आहे."

हीच सूचना कन्नडच्या शिक्षिकाबाईंनी त्याच पाच प्रश्नांवर कन्नडमध्ये लिहिली. दोन्ही कागद शेजारी शेजारी लागले. दवंडीवाल्याने आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत ओरडून सांगितले. आम्ही एकमेकांचे भाषांतर केले नाही. एकच माहिती दोघांनी आपापल्या भाषेत मांडली. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पाणी बाराला नाही, पहाटे तीनला आले, आणि खालच्या पायरीऐवजी दोन पायऱ्या वर चढले. अंदाज चुकला, पण गल्ली रिकामी होती. दोन घरे तरीही सहाला निघाली नाहीत. मात्र 'कुठं लिवलंय?' असे त्यांना विचारता येत नव्हते. ट्रॅक्टर दुसऱ्यांदा गेला तेव्हा तीही आली. त्या वर्षी खालच्या गल्लीत एकही जनावर दाव्याला गेले नाही. हे यश सूचनेचे एकटीचे आहे असे मी म्हणणार नाही. २०१९ ची आठवण ताजी होती. पण या वेळी निदान मजकूर आड आला नाही.

आपल्याला काय करता येईल

या वार्षिकाचे वाचक लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी आहेत, आणि आपल्यापैकी अनेकजण अशा ठिकाणी राहतात जिथे शासनाची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी. वडोदऱ्यात विश्वामित्रीचा इशारा गुजरातीत येतो, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत, हैदराबादला तेलुगूत. मोबाइलवर येणारे इशारे आता प्रादेशिक भाषांत येऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण यंत्र राज्याची भाषा ओळखते; गल्लीची भाषा, पिंपळ आणि पायरी आपल्यालाच माहीत असतात.

म्हणून तीन कामे सुचवतो. पहिले, आपत्तीच्या शब्दांचा एक छोटा कोश. शंभर शब्द पुरेत. त्यात पुस्तकी पर्यायाबरोबर बोलीतला शब्द असावा आणि शेजारच्या भाषेतला शब्दही. नावाडी, गवंडी, वायरमन, आशाताई यांना विचारून तो करावा. दुसरे, नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात आणि पत्राबरोबर सूचनालेखन खरोखर शिकवावे. मुलांना आपल्या गल्लीची सूचना लिहायला लावावी आणि ती घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला वाचून दाखवायला सांगावी. त्या माणसाने 'मग आम्ही काय करायचं?' असे विचारले, तर सूचना पुन्हा लिहायची. तिसरे, आपल्या तालुक्यात जेव्हा आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण होते, तेव्हा तिथे भाषेचा एक शिक्षक असावा. पाहुणा म्हणून शेवटच्या तासाला बोलवून चालणार नाही. बैठ्या तालमीत तो चिठ्ठ्या लिहायला हवा, आणि त्याच्या चिठ्ठ्या परत यायला हव्यात.

शाळेच्या कपाटात आता सूचनेचा एक नमुना ठेवलेला आहे. वेळ, पायरी आणि गल्ली यांच्या जागा त्यात कोऱ्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात कन्नडच्या बाई आणि मी तो काढतो, गावात काय बदलले ते पाहतो आणि सुधारतो. गेल्या वर्षी पिंपळ पडला. आता तिथे 'पाण्याच्या टाकीपासून खाली' असे लिहिले आहे.